हँड टॉर्च आणि ब्रेझिंग रॉडचा किट: तांब्यासाठी झकास, ॲल्युमिनियमसाठी घेत असाल तर आधी वाचा

ब्रेझिंग म्हणजे तुकडे न वितळवता, फटीत दुसऱ्या धातूचा रॉड वितळवून ते जोडणं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलंय की लोखंड, तांबं, पितळ, स्टेनलेस, ॲल्युमिनियम सगळं जोडा, वेल्डिंग मशीन नको, लाइटचं कनेक्शन नको. यातलं निम्मंच खरं आहे, पण तेवढ्यातही पैसे वसूल होतात म्हणून सविस्तर लिहितोय. हाच माल पाच-पन्नास नावांनी वेगवेगळ्या बॉक्समध्ये मिळतो, त्यामुळे ब्रँड सांगून काही उपयोग नाही, आत काय आहे ते बघून घ्या. माझ्यात निघालं ते असं: पियझो (दाबलं की ठिणगी पडणारं) बटणवाला पितळी टॉर्च, तांबं-फॉस्फरसचे चपटे रॉड, ४५ टक्के चांदीचे बारीक रॉड, ॲल्युमिनियमसाठी म्हणून दिलेले रॉड, फ्लक्सची (तापवताना धातूवरचा ऑक्साइड काढणारं रसायन) चिमुकली डबी आणि एक माहितीपत्रक, जे कुणीतरी ट्रान्सलेटरमधून काढून तसंच छापलंय. गॅसचा कॅन वेगळा घ्यायचा.

आधी टॉर्च. बॉडी दणकट आहे, नॉब घट्ट फिरतो, ज्वालेचा निळा सुळका टोकदार आणि स्थिर येतो. जास्तीत जास्त उष्णता त्या आतल्या सुळक्याच्या टोकापुढे असते, सुळका जॉबवर (म्हणजे जोडायच्या तुकड्यावर) टेकवून धरला तर उलट कमी तापतं, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. कॅन आडवा-उलटा केला की द्रव गॅस नळीत येतो, ज्वाला पिवळी होऊन भडकते नाहीतर विझते, कारण या टॉर्चला रेग्युलेटर (गॅसचं प्रेशर एकसारखं ठेवणारा भाग) नाही. सिंकखाली किंवा भिंतीला चिकटलेल्या पाइपवर काम असेल तर रेग्युलेटरवालाच बघा. सलग वापरलं की कॅन गार पडतो आणि प्रेशर उतरतं, तो मात्र दोष नाही, गॅसची वाफ होताना कॅनमधलीच उष्णता जाते.

आता तापमानाचा विषय, कारण निम्मे निगेटिव्ह रिव्ह्यू याच्यावरूनच आहेत. बॉक्सवर २००० डिग्रीच्या आसपासचा आकडा आहे आणि त्यात खोटं काही नाही, प्रोपेन हवेत जळला की ज्वाला तेवढी जाते (ऑक्सि-ॲसिटिलीनची ३१०० च्या पुढे). पण ज्वाला किती गरम आहे आणि सेकंदाला किती उष्णता जॉबमध्ये ओतते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांबं साध्या लोखंडाच्या सात-आठ पट वेगाने उष्णता पसरवतं, तुम्ही एका टोकाला देताय आणि ते दुसऱ्या टोकाने उधळतंय. अर्ध्या इंची पाइप मस्त लाल होतो, पण तांब्याचा जाड ठोकळा किंवा मोठी प्लेट घेतली तर कॅन संपेल, रॉड वितळणार नाही. जॉबच्या मागे आणि बाजूला हलक्या इन्सुलेटिंग विटा लावा, फरक लगेच दिसतो. महागडा पिवळा 'मॅप' (प्रोपेनपेक्षा जास्त गरम जळणारा गॅस) कॅन घेतला की सगळं सुटतं असं वाटत असेल तर तसंही नाही, खऱ्या मॅप गॅसचं उत्पादन अमेरिकेत २००८ मध्येच बंद झालं, हल्लीच्या पिवळ्या कॅनमध्ये बहुतेक करून प्रोपिलीन असतो. चांगला आहे, थोडा लवकर तापवतो, बास.

या किटमध्ये खरा जीव आहे तो तांबं-फॉस्फरसच्या रॉडमध्ये. तांब्याला तांबं जोडायचं असेल तर फ्लक्सही लागत नाही, रॉडमधला फॉस्फरसच ऑक्साइड खेचून घेतो. पाइपचं टोक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायचं, सॉकेटमध्ये बसवायचं आणि ज्वाला पाइप आणि सॉकेट दोघांवर फिरवत राहायची. रॉडवर ज्वाला मारायची नाही हे शंभर वेळा सांगितलं तरी लोक मारतातच! पाइप मंद लाल झाला की रॉड फक्त सांध्याला टेकवा, पाइपच्या उष्णतेने तो वितळतो आणि गपकन आत ओढला जातो, वर कडेला चकचकीत रिंग फिरताना दिसते. उष्णता जिकडे जास्त तिकडे तो धावतो, म्हणून रॉड एका बाजूने दिला आणि ज्वाला पलीकडे नेली की माल आपोआप गोल फिरून येतो. हे बघायला एवढं भारी वाटतं की गरज नसताना मी स्क्रॅपचे तुकडे जोडत बसतो. पितळेला हाच रॉड चालतो पण फ्लक्स लावून. लोखंड-स्टीलला अजिबात नाही, फॉस्फरस लोखंडाशी संयोग पावून ठिसूळ थर तयार करतो, सांधा दिसायला चांगला आणि हातोडीच्या एका टोल्यात सुटा. बॉक्सवर 'सर्व धातूंसाठी' छापणाऱ्याला हे माहीत नसेल असं नाही.

एसीच्या पाइपसाठी घेणाऱ्यांनी आणखी एक बघा, तापवताना पाइपमधून नायट्रोजन हळू सोडला नाही तर आत काळी खपली धरते आणि पुढे जाऊन ती कॅपिलरीत (एसीतल्या अगदी बारीक नळीत) अडकते. आणि आत रेफ्रिजरंट (एसीतला थंड करणारा गॅस) असताना ज्वाला लावायचीच नाही.

स्टील-स्टेनलेससाठी चांदीचा रॉड. हा ६६५ ला वितळायला लागतो आणि ७४५ ला पूर्ण पातळ होतो, म्हणजे स्टीलला फार त्रास न देता काम होतं. पण इथे फ्लक्सशिवाय पान हलत नाही. फ्लक्स आधी फसफसतो, मग पांढरा होतो आणि ६०० च्या आसपास काचेसारखा पातळ पारदर्शक होतो, तो दिसला की थोडं अजून तापवून रॉड लावायचा. काळा पडला तर फ्लक्स संपला, पुन्हा साफ करून सुरुवात करा, वरून अजून रॉड थापून काही होत नाही. किटमधली डबी फारच छोटी आहे आणि स्टेनलेसवर लवकर दम सोडते, वेगळा फ्लोराइडवाला फ्लक्स घ्या, आणि तो वापरताना हवा खेळती ठेवा. दोन तुकड्यांतली फट ०.०५ ते ०.१३ मिमी हवी, म्हणजे कागदाएवढी. मोठी फट भरायला चांदीचा रॉड घेणं म्हणजे निव्वळ पैशाचा चुराडा. तुकडे टोकाला टोक न लावता एकावर एक चढवा, पातळ तुकड्याच्या जाडीच्या तिप्पट चढवलंत तर सांधा सहसा दगा देत नाही. जुन्या स्टीलच्या सायकल फ्रेम लगमध्ये (सांध्यावरच्या पोकळ बाह्यांमध्ये) नळ्या बसवून अशाच ब्रेझिंगने जोडायचे, ताकदीबद्दल शंका असणाऱ्यांसाठी सांगितलं. आणि दुसरीकडून चांदीचे रॉड घेताना कॅडमियम-फ्री लिहिलंय का ते बघाच, कॅडमियमचा धूर जीवघेणा असतो.

राहिला ॲल्युमिनियमचा रॉड, व्हिडिओत कॅनचं भोक बुजवून दाखवतात तो. हा जस्त-ॲल्युमिनियमचा असतो आणि ३८०-३९० डिग्रीला वितळतो. ॲल्युमिनियम स्वतः ६६० ला जातं, त्यामुळे मार्जिन आहे, पण जायच्या आधी रंग बदलत नाही, लाल वगैरे काही होत नाही, आत्ता घट्ट होतं आणि आता खाली सांडलं. त्यात वर ऑक्साइडचा थर, जो २००० डिग्रीच्या पुढे वितळतो, म्हणजे ज्वालेने जाणारच नाही. तो स्टेनलेसच्या ब्रशने आधी घासायचा आणि मग वितळलेल्या थेंबाखाली टोकदार तारेने पुन्हा खरवडायचा, तेव्हा कुठे रॉड धरतो. व्हिडिओत हे खरवडणं कापून टाकलेलं असतं. पातळ पत्रा, छोटं भोक, शोभेची वस्तू इथे चालेल. इंजिनजवळचं, प्रेशरचं, वजन पेलणारं काही असेल तर टिग वेल्डिंगवाल्याकडे जा.

गॅल्वनाइज्ड पाइपवर टॉर्च मारणार असाल तर आधी जस्ताचा थर घासून काढा, त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. बंद टाकी, पेट्रोलची टाकी, गॅस सिलिंडर यांना तर या टॉर्चने हातही लावू नका.

पियझो बटण महिन्याभरातच रुसायला लागलं, हल्ली लायटरनेच पेटवतो. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की गॅस संपला असेल. काम झालं की कॅनवरून टॉर्च काढून ठेवा, नॉब बंद असूनही माझा हळूहळू गळतो, साबणाचं पाणी लावलं तर थ्रेडपाशी बुडबुडे येतात. त्याचा एक स्टार कापला, ॲल्युमिनियमच्या जाहिरातीचा अर्धा. साडेतीन, आणि फक्त तांब्याचंच काम असेल तर किट सोडून नुसता रेग्युलेटरवाला टॉर्च आणि फॉस्फरसचे रॉड सुटे घ्या.