लाईट गेल्यावर रोबोला आठवतं का? मोटरची जागा सांगणारे सेन्सर

मोटर किती फिरली हे कळायला कोणता सेन्सर घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: मध्येच लाईट गेली आणि परत आली, तर आपण कुठं होतो हे रोबोला कळायला हवं का? चाकांवर पळणारी रोबोगाडी असेल तर बहुतेक वेळा नाही कळलं तरी चालतं. रोबोटिक हात असेल तर कळायलाच हवं, नाहीतर चालू होताच तो टेबलावर आपटतो. निम्मी निवड इथंच होऊन जाते.

आधी हाताचं बघू. लाईट येताच जागा सांगणाऱ्यांत सगळ्यात सोपा म्हणजे पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असतो तोच, फक्त १० किलोओहमचा आणि लिनिअर (जितका फिरवाल तितकाच बदलणारा) मागून घ्या. एसजी९०सारख्या छोट्या सर्व्होच्या (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटरच्या) पोटातही हाच बसलेला असतो. अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाची अॅनालॉग पिन ५ व्होल्टचे १०२४ भाग करते, म्हणजे २७० अंश फिरणाऱ्या पॉटला एक आकडा साधारण पाव अंशाचा. प्रत्यक्षात तो आकडा जागेवर राहत नाही, मोटर सुरू झाली की जास्तच नाचतो. शिवाय पॉट पूर्ण गोल फिरत नाही आणि आतली पट्टी घासून झिजते. पहिल्या हाताला मात्र बेधडक वापरा, कोड चार ओळींचा आहे.

त्याच्या वरचा एएस५६००. शाफ्टच्या टोकाला चुंबक, समोर अर्ध्या ते तीन मिलिमीटरवर ही चिप. कुठं घासणं नाही, एका फेरीचे ४०९६ भाग. लाईट येताच कोन सांगते, पण एका फेरीपुरताच. किती फेऱ्या झाल्या हे ती विसरलेली असते. म्हणून ती मोटरच्या शाफ्टवर न लावता गिअरनंतर, सांध्यावर लावायची. गोची होते ती चुंबकात. आपल्याकडं सहज मिळणाऱ्या गोल चकतीला एका तोंडावर उत्तर आणि दुसऱ्यावर दक्षिण ध्रुव असतो. इथं हवं ते चुंबक एकाच तोंडावर अर्धं उत्तर, अर्धं दक्षिण असलेलं. पहिल्या वेळी मी फ्रीजवरचं चुंबक काढून चिकटवलं आणि दोन संध्याकाळी कोडमधली चूक शोधत बसलो. दुसरी अडचण अशी की ही चिप बोर्डाशी आय-टू-सी या दोन तारांच्या पद्धतीनं बोलते आणि तिथला तिचा पत्ता बदलता येत नाही, त्यामुळे एकाच दोन तारांवर दोन चिपा भांडतात. ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डाला असे दोन मार्ग आहेत, म्हणून दोन सांधे निभतात. पुढं टीसीए९५४८ए हा फाटे फोडणारा बोर्ड लागतो.

आता गाडी. इथले सेन्सर फक्त मोजत जातात, लाईट गेली की मोजणी पुन्हा शून्यापासून. स्वस्त किटमध्ये २० खाचांची चकती आणि प्रकाशाचा सेन्सर येतो. ६५ मिलिमीटरच्या चाकाचा घेर २०४ मिलिमीटर, म्हणजे एका खाचेला गाडी एक सेंटिमीटर पुढं. त्यात सेन्सर एकच असला तर पुढं की मागं हे कळतच नाही, मागं ढकललेली गाडीही 'पुढं गेलो' म्हणते. माझं तर या सेन्सरशी वैरच आहे. घर सांगलीच्या मार्केट यार्डजवळ, नवी हळद आली की खिडकीच्या चौकटीवर पिवळा थर बसतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, माझ्या सेन्सरला ते त्याआधीच मिळालं होतं. खाचा मोजायच्या सुटायला लागल्या आणि सरळ जाणारी गाडी डावीकडं ओढायला लागली. ब्रशनं झाडलं की दोन दिवस बरी चाले.

धुळीला दाद देत नाही तो हॉल सेन्सरचा (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरचा) एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा भाग. एन२० या छोट्या गिअरवाल्या मोटरच्या मागच्या टोकाला छोटं चुंबकी चाक आणि दोन हॉल सेन्सर असतात. दोघांचे पल्स (विजेचे ठोके) मागं-पुढं येतात म्हणून दिशा कळते. मोटरच्या फेरीला ७ पल्स, दोन्ही सेन्सर मिळून प्रत्येकाच्या ४ कडा (चढ-उतार) मोजल्या आणि गिअर १:१०० असला तर चाकाच्या एका फेरीला २८०० आकडे. तेच ६५चं चाक धरलं तर एक आकडा ०.०७ मिलिमीटरचा. हे वाचून हुरळू नका. एन्कोडर गिअरच्या आधी बसलाय, त्यामुळे दातांमधली ढिलाई त्याला दिसत नाही. चाक तीन अंश सैल असेल तर पावणेदोन मिलिमीटर तिथंच गेले. तरी गाडीसाठी मी डोळे झाकून हाच घेतो.

'स्टेपर (ठरलेल्या पावलांनी फिरणारी मोटर) घेतो, पावलं मोजतो, सेन्सर कशाला?' हेही ऐकू येतं. फेरीला २०० पावलं खरी, पण अडकलेली मोटर थांबते आणि मोजणी चालूच राहते.

बोर्डाचाही विचार हवा. उनोवर बाहेरच्या इंटरप्टच्या (सिग्नल बदलताच चालू काम थांबवून तिकडं बघायला लावणाऱ्या) खास पिना दोनच, २ आणि ३. दोन मोटरींच्या चार तारांतून प्रत्येकीची एकच तिथं जाते, दुसरी इंटरप्टच्या आत वाचायची. आकडे कमी पडतात, पण दिशा राहते. ईएसपी३२मध्ये पल्स मोजायचं वेगळं यंत्रच आहे, प्रोसेसरला त्रास नाही. फक्त एन्कोडरला ३.३ व्होल्टच द्या.

मोटर घरी आली की चाकावर चिकटपट्टीची खूण करा आणि कोडनं सावकाश दहा फेऱ्या फिरवा. हातानं पिळू नका, गिअर तुटतो. चारही कडा मोजत असाल तर २८,०००च्या आसपास यायला हवं, उनोवर एकाच तारेच्या दोन्ही कडा मोजत असाल तर १४,०००च्या. येईल तोच आकडा कोडमध्ये टाका, कारण १:१०० लिहिलेला गिअर तंतोतंत शंभराचा असतोच असं नाही. मग दहा फेऱ्या उलट्या. आकडा शून्याकडं आला नाही, तर दुसरी तार कुठंतरी सुटलीय का बघा.