हाताने शीट भरावी की थेट फीड जोडावी?
नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड दुकानाचा माल गूगल मर्चंट सेंटरवर (गूगलवर माल दिसावा म्हणून त्याची माहिती भरायची जागा) चढवायचा तर दोन वाटा: हाताने भरलेली शीट किंवा वेबसाइटवरून आपोआप जाणारी फीड.

करवतकाठी साड्यांसारखा मोजका माल असेल तर शीटच बरी. शीर्षकाला 150 अक्षरांची मर्यादा. त्यात टसर, काठ, रंग नीट बसवता येतात.

कुर्त्यांचं प्रकरण वेगळं. पाच साइझ, चार रंग म्हणजे 20 ओळी, सगळ्यांना गट-क्रमांक (एकाच कुर्त्याचे प्रकार एकत्र जोडणारी खूण) मात्र एकच. शीटमध्ये हे म्हणजे डोक्याला ताप! त्यात साइटवर सेल लागला नि शीटमधली किंमत जुनीच राहिली, तर माल नामंजूर होऊ शकतो. तिथे फीडच घ्या. फक्त रंगाच्या रकान्यात 'मल्टीकलर' जाऊ देऊ नका. 'लाल/हिरवा' असं स्पष्ट हवं, मुख्य रंग आधी.