बंद टॉकीज की जिनिंगचं गोदाम? थिएटरात घडणाऱ्या भयपटासाठी जागा निवडताना

सगळी गोष्ट एकाच सिनेमागृहात, एकाच रात्री घडते असा भयपट छोट्या टीमच्या आवाक्यातला असतो. पात्रं मोजकी, कपडेपट एकच, गाड्यांची धावपळ नाही. पैसा वाचतो की बुडतो, हे मात्र जागेवर ठरतं. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत तीन जागा हाताशी असतात: बंद पडलेली टॉकीज, हंगामाबाहेर रिकामं पडलेलं जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, गोदाम (त्यात सेट), आणि बिछायत केंद्राच्या (मांडवाचं सामान भाड्याने देणाऱ्याच्या) सामानातून उभा केलेला टुरिंग टॉकीजचा, म्हणजे फिरत्या सिनेमाचा, तंबू.

भाडं विचारायला जाण्याआधी पटकथा घेऊन बसा आणि भीतीच्या प्रत्येक प्रसंगापुढे तो नेमका कुठे घडतो ते लिहा: खुर्च्यांमध्ये, प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये, पडद्यामागे, जिन्यात. दोनतृतीयांश प्रसंग खुर्च्यांच्या रांगांत असतील तर गोदाम घ्या. पात्रं केबिन, बाल्कनी, जिना, पडद्यामागची जागा अशी फिरत असतील तर टॉकीजला पर्याय नाही. भाडं कितीही कमी-जास्त असलं तरी हा हिशोब बदलत नाही.

टॉकीज

डोक्यामागून येणारा झोत, त्यामागे केबिनच्या चौकोनी खिडक्या, वर बाल्कनी, समोर पडदा, पडद्यामागे स्पीकरची अंधारी बोळ. ही खोली प्लायवूडमधून उभी करायची तर बजेट दुप्पट होतं.

पडद्यावरून बोट फिरवून बघा. मिलिमीटरभराची छिद्रं लागतात. मागच्या स्पीकरचा आवाज पुढे यावा म्हणून ती ठेवलेली असतात. भयपटासाठी यासारखी दुसरी सोय नाही. हॉलमध्ये पूर्ण काळोख करा, पडद्यामागे दोन फुटांवर माणूस उभा करा आणि बाजूने त्याच्यावर ३०० वॉटचा एलईडी मारा. समोरून त्याचा धूसर आकार दिसतो. पुढून प्रोजेक्टर चालू केला की तो जागच्या जागी नाहीसा होतो. कट नाही, व्हीएफएक्स (संगणकावरची करामत) नाही. बिघडतं ते दोन कारणांनी. मागचा लाइट माणसाऐवजी पडद्यावर सांडला की सगळा पडदाच उजळतो, म्हणून लाइटच्या पडद्याकडच्या बाजूला काळं कापड टांगा. आणि कॅमेरा काही ठराविक अंतरांवर असला की छिद्रांमुळे चित्रावर लाटांसारखे पट्टे उठतात. तेव्हा कॅमेरा पुढे-मागे करून बघा आणि फोकस पडद्यावर न ठेवता मागच्या माणसावर ठेवा.

केबिनमध्ये ३५ मिमीचं जुनं मशीन शिल्लक असेल तर नशीबच. डिजिटल आल्यावर बहुतेकांची भंगारात विक्री झाली. मशीन असेल तर त्यातल्या झेनॉन लॅम्पला (झोत देणाऱ्या दिव्याला) हात लावू नका. तो बंद आणि थंड असतानाही आत प्रचंड दाब असतो आणि फुटला तर काचेचे तुकडे गोळीसारखे येतात. चेहऱ्यावर शील्ड आणि हातात जाड मोजे घालून जाणत्या ऑपरेटरनेच तो काढावा. शूटिंगसाठी लॅम्पच्या घरात १०० वॉटचा एलईडी बसवला तरी खिडकीतून झोत दिसतो. मशीनचा खडखडाट वेगळा रेकॉर्ड करा.

पटकथेत मशीन चालवणारा ऑपरेटर असेल तर त्याचं काम खरं दाखवा. २,००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने सुमारे २२ मिनिटं चालतं. संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो, ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करतो, आणि साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की झोत पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर नेतो. ही सात सेकंदं कथेत वापरण्यासारखी आहेत.

टॉकीजचा खरा खर्च सफाईत आणि विजेत जातो. कबुतरं-वटवाघळांची विष्ठा कोरडी झाडली की बुरशीचे बीजाणू हवेत उडतात आणि छातीचं दुखणं मागे लागतं. आधी पाणी शिंपडा, एन-९५ मास्क लावा आणि सफाईचे दोन दिवस वेळापत्रकात धरा. छताला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. जुन्या वायरिंगवरचं रबर बोटाने चुरलं जात असेल तर मेन स्विच बंद ठेवून सगळी लाइन जनरेटरवरून स्वतंत्र ओढा.

गोदाम

हिंगणघाट, वणी, आर्वी, अकोट या कापसाच्या पट्ट्यात जिनिंगची मोठी गोदामं आहेत. इथला फायदा सरळ आहे: भिंत काढता येते. खुर्चीखालून सरपटणारा कॅमेरा, रांगेच्या आरपार जाणारी ट्रॉली, पात्राच्या डोक्यावरून सरळ खाली बघणारा शॉट टॉकीजमध्ये जीव काढतात, इथे सहज होतात.

पूर्ण हॉल बांधू नका. पाच रांगा, रांगेत आठ खुर्च्या पुरतात; बाकीचा हॉल अंधार आणि आवाज उभा करतात. २० इंचांची खुर्ची धरली तर आठ खुर्च्या आणि बाजूची वाट मिळून १६ फूट रुंदी लागते. रांगेला तीन फूट खोली, म्हणजे २४० चौरस फूट. ८ बाय ४ च्या आठ शीट १९ मिमी प्लाय. प्रत्येक रांग सहा इंचांनी उचला. जुन्या टॉकीजच्या जोडखुर्च्या भंगारवाल्याकडे मिळतात. सगळ्यांकडून चुकतं ते एकच: पोकळ प्लायवर पाऊल पडलं की ढब्ब आवाज येतो आणि सेट उघडा पडतो. चौकटीच्या आत वाळूची पोती खच्चून भरा, वर जाड सतरंजी चिकटवा.

कापसाची रुई छताच्या कैच्यांवर आणि तुळयांवर साचलेली असते, तिला एक ठिणगी पुरते. सेट लावण्याआधी ती उतरवा. आत मेणबत्ती, धूप, बिडी काहीच नको. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक दोन्ही टोकांना ठेवा.

झोत, धूर आणि पडदा

झोत दिसायला हवेत धुकं लागतं, आणि इथे जागेचं आकारमान आडवं येतं. ८० बाय ४५ फुटांचा, २५ फूट उंच हॉल ९०,००० घनफुटांचा होतो. छोटं हेझ मशीन (धुकं सोडणारं यंत्र) तो भरायला बराच वेळ घेतं आणि तुटक्या एक्झॉस्टमधून धुकं निघून जातं. भोकं ताडपत्रीने बुजवा. गोदामात सेटभोवती आणि वर काळी कनात घेतली की ५,००० घनफूटच भरायचे असतात. हेझ मशीन गरम होताना हजारभर वॉट खेचतं, म्हणून त्याची लाइन वेगळी ठेवा, नाहीतर दर वेळी लाइट डोळा मारतात.

भाड्याचा ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर टॉकीजच्या ३० बाय १३ फुटी पडद्यावर थिएटरच्या नेहमीच्या उजेडाच्या जेमतेम निम्मा उजेड देतो. तिथे ६,००० ल्युमेनचा आणा. सेटवरच्या १२ फुटी पडद्याला ३,००० भरपूर होतात. प्रोजेक्टरला ५० हर्ट्झचा सिग्नल द्या, कॅमेरा २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. तरी रंगांचे पट्टे दिसले तर एका चिपच्या डीएलपी जातीच्या प्रोजेक्टरऐवजी एलसीडी जातीचा घ्या. प्रेक्षकांच्या चेहऱ्यावरचा पडद्याचा उजेड प्रोजेक्टरकडून मागू नका. समोर पांढरं कापड ताणा, त्यावर दोन एलईडी मारा आणि डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) हाताने हलवत राहा.

पडद्यावर दुसऱ्याचा सिनेमा दाखवू नका, भिंतीवरची खरी पोस्टरंही झाका. दोन मिनिटांचं आपलंच दृश्य आधी शूट करून ते चालवा.

हंगाम

गोदाम रिकामं असतं ते पावसाळ्यात, आणि टिनाच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला की संवाद विसरा. डबिंगचे पैसे बाजूला ठेवूनच गोदाम घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली कॅमेरे बंद पडतात. टॉकीजला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उत्तम. फेब्रुवारीपासून लग्नाचे डीजे सुरू होतात. जाड भिंती आणि शाबूत खुर्च्या असतील तर टॉकीजचा आवाज कोरडा, वापरण्याजोगा मिळतो. खुर्च्या उपटून नेल्या असतील तर ती गोदामाइतकीच घुमते. मधोमध एक टाळी वाजवून ऐका.

वेचणीच्या दिवसांत गर्दीला माणसं जुळत नाहीत. ३० जण मिळाले तरी पुरे: कॅमेरा घट्ट बांधा, त्यांना जागा बदलून तीनदा बसवा, एडिटमध्ये जोडा. अभिनयासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या कलाकारांना विचारा, पण दिवाळीनंतर त्यांचे नाट्यप्रयोग सुरू होतात, तारखा आधी धरा.

तंबूबद्दल थोडक्यात: एखाद्या जत्रेच्या प्रसंगापुरता छान, पूर्ण सिनेमासाठी नको. वाऱ्याने कनात हलते, दिवसा काळोख होत नाही.

कुठलीही जागा घ्या, करार स्टॅम्प पेपरवर करा. त्यात सफाईचे आणि सेट मोडायचे दिवस, वीज मीटरची नोंद आणि नुकसानभरपाई लिहा. पोलीस ठाण्यात आणि नगर पंचायतीत लेखी कळवा. शूटिंग चालू असताना बाहेर पडायच्या एकाही दाराला कुलूप नको, कथेत दार बंद असलं तरीही. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं गेली, बाल्कनीतून बाहेर पडायची वाट अडलेली होती. बंद दाराचा शॉट हवा तर कडी बाहेरून नुसती अडकवा आणि तिथे एक माणूस उभा ठेवा.