कमोडोर ६४ ची गेलेली अक्षरे परत आणणारा अडॅप्टर: तीन महिन्यांच्या वापरानंतर

हॅनोव्हरमध्ये लाइने नदीच्या काठी दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. गेल्या हिवाळ्यात तिथे मला कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक मिळाला. त्याच्या गोलसर आकारामुळे जर्मन लोक ज्याला ‘ब्रोटकास्टन’, म्हणजे पावाचा डबा, म्हणतात तोच हा नमुना. तळाशी पश्चिम जर्मनीत बनवल्याची पट्टी आहे. कमोडोरचा कारखाना इथून जवळच ब्राउनश्वाइगला होता, त्यामुळे या भागात हे संगणक अजूनही माळ्यांवरून खाली उतरत असतात. घरी आणून लावला तेव्हा निळा पडदा आला, अक्षरे आली, ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ ही ओळही आली. दहा मिनिटांनी मात्र प्रत्येक अक्षराच्या चौकटीत एक बारीक उभी रेघ उमटली, मग अक्षरे विरघळल्यासारखी होत गेली आणि शेवटी काहीच वाचता येईना. ज्या चिपमुळे असे होत होते तिच्या जागी बसवायचा एक छोटा अडॅप्टर मी विकत घेतला. तो बसवून तीन महिने झाले असून हा अभिप्राय त्याच्याविषयी आहे.

कमोडोर ६४ मध्ये अक्षरांचे आकार ९०१२२५-०१ या क्रमांकाच्या एका स्वतंत्र रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या स्मृतीच्या चिपमध्ये, असतात आणि बोर्डवर तिची जागा ‘यू५’ अशी छापलेली असते. तिची क्षमता ४ किलोबाइट, म्हणजे ४०९६ बाइट्स. एका अक्षराला आठ ओळी, प्रत्येक ओळीला एक बाइट, म्हणजे आठ ठिपके. अशी २५६ अक्षरे एका संचात बसतात आणि असे दोन संच असतात: एकात मोठी अक्षरे आणि चित्रचिन्हे, दुसऱ्यात लहान व मोठी अक्षरे. उलट्या रंगातली अक्षरेही इथे स्वतंत्रपणे साठवलेली असतात. म्हणूनच ही रॉम पूर्ण मुकी झाली तर लुकलुकणारा कर्सरसुद्धा दिसत नाही, कारण तो उलट्या रंगातला कोरा रकाना असतो आणि त्याचाही आकार इथूनच येतो. पडदा रंगवणारी व्हिक-टू ही चिप ही रॉम सतत वाचत असते. प्रोसेसरला मात्र तिची गरज पडत नाही आणि त्यामुळे रॉम बिघडली तरी संगणक आत व्यवस्थित चालू राहतो. त्याला बोलायचे असते, पण उमटवायला अक्षर नसते.

अडॅप्टर मागवण्यापूर्वी दोष खरोखर याच चिपमध्ये आहे याची खात्री करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन, कारण अक्षरे बिघडण्यामागे कोणती चिप कधी वाचायची ते ठरवणारी पीएलए, व्हिक-टू, रॅम (लिहिता-वाचता येणारी स्मृती) किंवा पत्ते जोडून देणाऱ्या लहान चिपाही असू शकतात आणि चुकीच्या चिपचे चोवीस पाय उपटून काढणे हे जुन्या बोर्डाला सोसणारे काम नाही. मी केलेली तपासणी सोपी होती. पडद्यावर काही दिसत नसतानाच ‘पोक ५३२८०,०’ टाइप केले (‘पोक’ म्हणजे या संगणकाच्या बेसिक भाषेतला, दिलेल्या पत्त्यावर आकडा भरण्याचा आदेश) आणि कडेची चौकट काळी झाली. याचा अर्थ प्रोसेसर, बेसिक आणि कीबोर्ड ठीक होते. मग ८४४८ ते ८४५५ या पत्त्यांवर ८५ हा आकडा भरण्याचा लूप न पाहताच टाइप करून ‘पोक ५३२७२,२४’ दिले. यामुळे व्हिक-टू अक्षरांचे आकार रॉममधून न घेता रॅममध्ये ८१९२ पासून घेऊ लागते आणि ८४४८ हा तिथला कोऱ्या जागेचा पत्ता असतो. पडद्यावर सगळीकडे स्वच्छ, सारख्या अंतराच्या उभ्या रेघा आल्या. म्हणजे व्हिक-टू रॅममधले आकार बिनचूक दाखवत होती आणि संशय रॉमवरच ठरत होता. शेवटी चिपवर थंडावा देणारा फवारा मारला तेव्हा अक्षरे अर्धा मिनिट परत आली आणि पुन्हा गेली.

बिघाडाचा आकारही पुष्कळ सांगून जातो. प्रत्येक चौकटीत एकच उभा रकाना कायम पेटलेला किंवा कायम विझलेला असेल तर डेटाच्या आठ वाहिन्यांपैकी एक गेलेली असते. ओळी जोडीजोडीने सारख्याच दिसत असतील तर पत्त्याची सर्वांत खालची वाहिनी, आणि एका अक्षराच्या जागी भलतेच अक्षर येत असेल तर वरच्या वाहिन्यांपैकी एखादी अडकलेली असते. माझ्याकडे पहिला प्रकार होता. ती वाहिनी बोर्डवरच अडकली असती तर संगणक सुरूच झाला नसता, कारण त्याच वाहिन्या प्रोसेसरही वापरतो. म्हणून दोष चिपच्या आतला होता. चाळीस वर्षे तापत आणि निवत राहिलेल्या सिलिकॉनकडून याहून जास्त मागणे योग्य नाही. जुना वीजपुरवठा मात्र लगेच बदलावा. त्यातला ५ व्होल्टचा भाग बिघडला की दाब वाढतो आणि तुम्ही बसवलेली नवी चिपही त्याच वाटेने जाते.

आता अडॅप्टर कशासाठी लागतो ते सांगतो. मूळ रॉम २३३२ या प्रकारची आहे. तिच्यातली माहिती कारखान्यातच कोरलेली असते, त्यामुळे तशी कोरी चिप घेऊन घरी भरता येत नाही. तेवढ्याच क्षमतेची आणि तेवढ्याच पायांची २७३२ ही ईप्रॉम, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा भरता येणारी चिप, आहे, पण ती सरळ खोचून चालत नाही. मूळ चिपमध्ये पत्त्याची अकरा क्रमांकाची वाहिनी १८ व्या पायावर आहे, २७३२ मध्ये ती २१ व्या पायावर आहे आणि १८ व्या पायावर चिप जागी करण्याचा संकेत येतो. शिवाय २७३२ भरायला २५ व्होल्ट आणि २७३२ए भरायला २१ व्होल्ट लागतात, तर चिपमध्ये माहिती भरणारा माझा प्रोग्रॅमर १८ व्होल्टच्या वर जात नाही. त्यामुळे मी निवडलेला अडॅप्टर २७सी१२८ या अठ्ठावीस पायांच्या सीमॉस ईप्रॉमसाठी बनवलेला आहे. तिच्यात १६ किलोबाइट मावतात, म्हणजे चार पूर्ण रॉम एकात, आणि त्यांपैकी कोणती वापरायची ते दोन जंपरनी, म्हणजे शेजारची टोके जोडणाऱ्या छोट्या टोप्यांनी, ठरवता येते.

असे अडॅप्टर अनेक छंदी मंडळी बनवून विकतात आणि त्यांचा आराखडा जवळजवळ सारखाच असतो. मी घेतला तो एका लहान विक्रेत्याचा आहे. टपालखर्च धरून बारा युरो पडले, ईप्रॉम वेगळी घ्यावी लागली. बोर्ड नेटका आहे, तांब्याच्या वाटा पुरेशा रुंद आहेत आणि पहिल्या पायाची खूण दोन्ही बाजूंना ठळक छापलेली आहे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण उलटी बसवलेली चिप वीज देताच जळते आणि पेटीत डोके घालून काम करताना ही खूण फार उपयोगी पडते.

माझी सर्वांत मोठी तक्रार पायांविषयी आहे. या विक्रेत्याने खाली चौकोनी, जाड, जंपरच्या पट्टीचे पाय लावले आहेत. रॉमच्या सॉकेटमधल्या पात्या चिपच्या पातळ, चपट्या पायांसाठी असतात. त्यात असे जाड पाय घुसवले की पात्या कायमच्या फाकतात आणि पुढे कधी मूळ चिप परत लावायची झाली तर ती सैल बसते. ज्या वस्तूचा हेतूच जुना संगणक जपणे हा आहे, तिने त्याच संगणकाचे सॉकेट खराब करावे हे मला मान्य नाही. माझ्या २५०४२५ क्रमांकाच्या बोर्डवर रॉम थेट सोल्डर केलेली होती, त्यामुळे मी तिथे नवे सॉकेट लावले आणि मधे गोल, कातलेल्या पायांचे आणखी एक सॉकेट घातले. त्याने प्रश्न सुटला, पण उंची वाढली. पावाच्या डब्याच्या आकाराच्या पेटीत जागा मुबलक आहे, तरी चंदेरी कागद चिकटवलेले पुठ्ठ्याचे आवरण आता सपाट बसत नाही. तो चंदेरी कागद विजेचा वाहक असतो आणि नेमका जंपरच्या टोकांवर टेकतो, म्हणून तेवढ्या भागावर मी उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावली आहे.

दुसरी उणीव जंपरची. जंपर लावलेला असेल तोवर वरची वाहिनी ५ व्होल्टला किंवा शून्याला घट्ट बांधलेली असते, पण तो काढून तिथे बाहेरचा खटका जोडायचा म्हटले की खटका फिरतानाच्या क्षणी वाहिनी लोंबकळत राहते आणि पडद्यावर दोन संचांची सरमिसळ चमकते. प्रत्येकी १० किलोओहमचे दोन रोध लावल्यावर हे थांबले. विक्रेत्याने हे दोन रोध बोर्डवरच दिले असते तर किमतीत फरकही पडला नसता.

एका गोष्टीत मात्र चूक माझीच होती आणि ती इतरांना उपयोगी पडावी म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी माझ्याकडे २७सी१२८ नव्हती, म्हणून मी २७सी२५६ भरून लावली. सगळा पडदा कडेच्या चौकटीसारखाच एकसलग फिकट निळा झाला. अडॅप्टरवर २७ वा पाय ५ व्होल्टला जोडलेला आहे, कारण २७सी१२८ मध्ये तो चिप भरण्यापुरता असतो. २७सी२५६ मध्ये मात्र तिथे पत्त्याची चौदावी वाहिनी येते. त्यामुळे नेहमी वरचा अर्धा भागच वाचला जात होता, आणि मी माहिती खालच्या भागात भरली होती. पुसलेल्या ईप्रॉममध्ये सगळे बिट एक असतात, म्हणून प्रत्येक ठिपका पेटलेला दिसला. माहिती वरच्या १६ किलोबाइटमध्ये भरल्यावर हीच चिप उत्तम चालली. अडॅप्टरसोबतच्या कागदावर याचा एका ओळीतही उल्लेख नाही.

आपल्याकडे ज्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयात ८०८५ या प्रोसेसरच्या किटवर काम केले आहे, त्यांना काचेची खिडकी असलेल्या या चिपा आणि त्या पुसणारा अतिनील दिव्याचा डबा नक्की आठवत असेल. पुसायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. भरून झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक चिठ्ठी चिकटवायला विसरू नये. जुन्या, वापरलेल्या ईप्रॉम स्वस्तात मिळतात, पण त्यांवरचे क्रमांक कधी कधी पुसून नव्याने छापलेले असतात, त्यामुळे भरण्यापूर्वी ती खरोखर पुसली गेली आहे का आणि भरल्यानंतर प्रत्येक बाइट जुळतो का, हे दोन्ही तपासावे.

चालायला अडॅप्टर निर्दोष आहे. व्हिक-टूला एका वाचनासाठी अर्धे घड्याळचक्र, म्हणजे साधारण ५०० नॅनोसेकंद मिळतात आणि माझी ईप्रॉम १५० नॅनोसेकंदांची आहे. तीन महिन्यांत, कित्येकदा सलग चार-पाच तास चालवूनही, एक ठिपका हललेला नाही. डोळ्यांवर विसंबून न राहता मी बेसिकमधूनच पडताळणी केली: ‘पोक ५६३३४’ ने व्यत्यय (प्रोसेसरला मधेच अडवणारे संकेत) थांबवले, १ या पत्त्यातला एक बिट शून्य करून रॉम ५३२४८ वर आणली आणि ४०९६ बाइट्स वाचून मूळ प्रतीशी ताडून पाहिले. ‘अॅट’च्या चिन्हाचे ६०, १०२, ११०, ११०, ९६, ९८, ६०, ० हे आठ आकडे क्रमाने आले तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. शेवटी या संगणकाचा चेहरा म्हणजे हेच आकडे, आणि ते १९८२ साली होते तसेच्या तसे आहेत.

उरलेल्या तीन जागांपैकी एकीत मी देवनागरी घालायला घेतली. स्वीडनसाठी कमोडोरने स्वतःच वेगळी अक्षर-रॉम दिली होती, मग आपण का नाही, असा विचार होता. आठ बाय आठ ठिपक्यांत देवनागरी बसवताना लिपी किती उंच आहे हे प्रथमच हाताला कळते. वेलांटी आणि मात्रेला वरच्या दोन ओळी, शिरोरेषेला एक, उकाराला तळची एक, म्हणजे अक्षराच्या अंगाला फक्त चार ओळी उरतात. ‘ग’, ‘न’, ‘र’ त्यात सुखाने बसतात, ‘क’ ओळखू येतो, ‘झ’ आणि ‘ळ’ मात्र मला अजून जमलेले नाहीत. एक गोष्ट मनासारखी झाली: रोमन अक्षरांच्या कडेला मोकळा रकाना सोडलेला असतो, इथे शिरोरेषेच्या ओळीत आठही ठिपके पेटवले, म्हणजे २५५ भरले, की शेजारच्या चौकटींतल्या रेषा आपोआप जुळतात आणि शब्द एकसंध दिसतो. काना दोन ठिपक्यांचा जाड ठेवावा, जसे मूळ अक्षरांचे उभे दांडे आहेत, कारण एका ठिपक्याचा काना जुन्या टीव्हीवर रंगात विरून जातो. खटका फिरवला की संगणक बंद न करता त्याच क्षणी संच बदलतो. पडद्यावरच्या रोमन ओळी तेव्हा निरर्थक देवनागरी होतात हे खरे, पण निळ्या पडद्यावर ती फिकट निळी शिरोरेषा पाहताना मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या संगणकातून काढलेली मूळ चिप लावणे हा एक पर्याय आहे आणि ज्यांना बोर्ड अगदी मूळ स्थितीत हवा आहे त्यांनी तोच घ्यावा. पण तीही चाळीस वर्षांचीच असणार आणि तिच्यासाठी बहुधा दुसरा एखादा संगणक उघडा पडलेला असणार. मी पुन्हा घ्यायची वेळ आली तर अडॅप्टरच घेईन, मात्र गोल कातलेल्या पायांचा. मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून खालच्या बाजूचे छायाचित्र मागून घ्या. पाय चौकोनी दिसले तर दुसरा विक्रेता शोधा. चपट्या पेटीचा कमोडोर ६४सी असेल तर आधी कीबोर्डखालची उंची मोजा. माझी जुनी चिप मी फेकलेली नाही. तिच्यावरची छपाई अजून स्पष्ट आहे आणि थंड असताना ती अजूनही दहा मिनिटे बरोबर वाचते, म्हणून ती स्थिर विजेपासून जपणाऱ्या काळ्या फोममध्ये, त्याच पेटीत ठेवली आहे.