शकुंतलेचं पुस्तक: व्हिडिओत राहून गेलेली माणसं

शकुंतला रेल्वे म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे गेलेली आमच्या वऱ्हाडातली छोटी लाईन. तिच्यावर एका चित्रकाराने केलेला छोटा व्हिडिओ आमच्या दारव्ह्यात बहुतेकांनी मोबाईलवर पाहिलाय. त्यात गाडी होती, खिडकीतले प्रवासी होते, बाहेरची तूर-पऱ्हाटी होती. रूळ राखणारा माणूस मात्र कुठेच नव्हता. त्याच चित्रकाराने आता त्या कामाचा विस्तार करून दीडशे प्रतींचं, सहीचं आणि क्रमांकाचं पुस्तक काढलंय. त्यात तो माणूस आहे, आणि म्हणून मला हे पुस्तक व्हिडिओपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

माझे सासरे या लाईनीवर गँगमन, म्हणजे रूळ राखणारे कामगार होते. पुस्तकातला जवळपास चौथा हिस्सा गँगमनचा आहे: सब्बल, घमेलं, घट्टे पडलेले तळहात, वैशाखात रुळाशेजारी झाडाखाली सोडलेली शिदोरी. सगळं कोळशाने काढलेलं. मी पानं भराभर उलटत होते, तर सासरे म्हणाले, "थांब वं, पलटवू नोको. हे सब्बल धरनं बराबर काढलं त्यानं." चित्रकार त्या लोकांजवळ बसला असणार, नुसता फोटो पाहून असा हात काढता येत नाही.

मधलं घडीचं पान ओसरीवर पसरावं लागतं, त्यावर अख्खी लाईन आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. व्हिडिओत अचलपूरची बाजू नव्हती, इथे दर्यापूर, अंजनगाव सगळं आलंय.

कापसाचा भागही जीव ओतून केलाय. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही अडीच फुटी लाईन टाकली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. जिनात सरकी वेगळी, प्रेसमध्ये रुईच्या गाठी, मग मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीच्या डब्यात माल बदली, असा प्रवास बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या जुन्या कागदांसकट दाखवलाय. एका जोडपानावर डावीकडे गाठ आहे, उजवीकडे वाफेचं इंजिन. ते मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलं, १९२३ पासून इथे धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याची जागा डिझेलने घेतली. आपला कापूस ज्या गावच्या गिरण्यांकडे जायचा, तिथूनच तो ओढणारं इंजिन आलं. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. आता मी माझ्या सातवीच्या वर्गाला सांगते.

कागद जाड, छपाई स्वच्छ. शिलाई मात्र कच्ची आहे. घडीचं पान दोनदा उघडलं की मुडपलेल्या जागी फाटायला लागतं, मी आतून कापडी पट्टी लावून घेतली. आणखी एक गोष्ट खटकली. चेहऱ्यांखाली फक्त स्टेशनचं नाव आहे, माणसाचं नाही. ज्यांच्यासाठी एवढी पानं दिली, त्यांची नावं विचारून लिहायला हवी होती. सासऱ्यांनी त्यातले दोघं बघताच ओळखले.

किंमत चोवीसशे रुपये. कामाच्या मानाने ती जास्त नाही, पण लाईनीवर राबलेल्या एकाही घराला परवडणारी नाही. चित्रकाराला माझी कळकळीची विनंती आहे: प्रती संपायच्या आत दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर आणि अचलपूरच्या वाचनालयांसाठी एकेक प्रत बाजूला ठेवा. दारव्ह्याच्या प्रतीचे पैसे आम्ही गावातून वर्गणी काढून पाठवू.