आठ रुपयांचा शेअर की अठराशेचा? व्होडाफोन आयडिया आणि एअरटेल

व्होडाफोन आयडिया आठ-दहा रुपयांत मिळतो म्हणून स्वस्त वाटत असेल, तर आधी शेअर किती आहेत ते बघा. २०२५ मध्ये कंपनीचे शेअर सुमारे १०,८३४ कोटी झाले. एअरटेलचे साधारण ६०० कोटी. आठ रुपये भावानेही बाजार व्होडाफोन आयडियाची किंमत ८६ हजार कोटींच्या पुढे धरतो. एवढ्या तोट्यातल्या कंपनीला हा भाव कमी म्हणता येत नाही.

दोघांची तुलना करायला २०१९ चा उन्हाळा उत्तम. एप्रिल-मेमध्ये दोघांनीही राइट्स इश्यू काढून, म्हणजे आधीच्या भागधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर देऊन, प्रत्येकी २५,००० कोटी उभे केले. व्होडाफोन आयडियाने १२.५० रुपयांना शेअर दिला, एअरटेलने २२० ला. त्याच ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा, म्हणजे ज्या महसुलावर सरकारी शुल्क लागतं त्याचा निकाल आला: परवाना शुल्क मोजताना भाडं, व्याज यांसारखं बिगर-दूरसंचार उत्पन्नही धरायचं, आणि मागची थकबाकी व्याज-दंडासकट भरायची. पुढच्याच महिन्यात एअरटेलने तिमाहीत सुमारे २३,००० कोटींचा तोटा दाखवला, व्होडाफोन आयडियाने जवळपास ५१,००० कोटींचा. दोघांवर कुऱ्हाड एकच पडली. पण त्या इश्यूतले एक लाख रुपये एअरटेलमध्ये १,८०० रुपये भावाने आठ लाखांच्या वर जातात, आणि व्होडाफोन आयडियात आठ रुपये भावाने ६४ हजार उरतात.

असं का झालं? एअरटेलने लगेच बाजारातून आणखी भांडवल आणलं आणि जास्त पैसे देणारा ग्राहक धरून ठेवला. व्होडाफोन आयडियाचे मालक मात्र हात आखडून राहिले. जून २०२१ मध्ये कंपनीचे प्रवर्तक आणि तेव्हाचे अध्यक्ष कुमार मंगलम बिर्ला यांनी कॅबिनेट सचिवांना पत्र लिहून आपला हिस्सा सरकारी किंवा दुसऱ्या कंपनीला द्यायची तयारी दाखवली, आणि ऑगस्टमध्ये अध्यक्षपद सोडलं. प्रवर्तकच निघायच्या तयारीत असेल तर किरकोळ गुंतवणूकदाराने काय समजायचं? २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडियाचं विलीनीकरण झालं तेव्हा चाळीस कोटींच्या वर असलेले ग्राहक २०२५ पर्यंत वीस कोटींच्या आत आले.

मग सरकार धावून आलं. सप्टेंबर २०२१ च्या पॅकेजात थकबाकी चार वर्षं पुढे ढकलायची सवलत मिळाली. २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचं व्याज आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटींची स्पेक्ट्रमची (मोबाइल लहरींची) देणी शेअरमध्ये बदलली गेली, दोन्ही वेळा दहा रुपये भावाने. आज सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या आसपास आहे. कारभार मात्र जुन्या प्रवर्तकांकडेच.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. सवलत मिळाली की शेअर उसळतो, पण कंपनी वाचणं आणि तुमचा शेअर वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ मध्ये सुमारे २,८७३ कोटी असलेले शेअर जवळपास चौपट झाले. तेव्हा तुमच्याकडे जेवढा हिस्सा होता, त्याचा आता पाव उरला. बाजारात दोनच खासगी कंपन्या राहू नयेत एवढ्यासाठी सरकारला तिसरी हवी आहे. तुमचा भाव वाढावा ही काही त्याची गरज नाही.

‘सरकार आहे म्हणजे बुडणार नाही’ म्हणणाऱ्या मुंबईकराने एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी आठवावी. तिथे तर केंद्राकडे ५६ टक्के आहेत. हमी दिलेल्या रोख्यांची जबाबदारी सरकारने घेतली, बँकांची कर्जं मात्र थकली. भागधारकाचा नंबर त्यांच्याही मागे लागतो.

एअरटेल निर्धोक आहे असंही नाही. एजीआरची देणी तिच्याही डोक्यावर आहेत, कर्ज लहान नाही. आफ्रिकेत १४ देशांत धंदा आहे. २०२३ मध्ये नायजेरियाच्या नायराचं अवमूल्यन झालं आणि एअरटेल आफ्रिकेने त्या आर्थिक वर्षात तोटा दाखवला. खरी अडचण भावाची. प्रत्येक ग्राहकामागे महिना अडीचशे रुपयांची कमाई, जुलै २०२४ सारखी दरवाढ पुन्हा होईल ही आशा, हे सगळं अठराशे रुपयांत आधीच मोजलेलं आहे. जिओने दर रोखून धरले की तो हिशेब बिघडतो. पण लाभांश मिळतो, २०२४-२५ साठी शेअरमागे १६ रुपये मिळाले, आणि दर तिमाहीला दिल्लीकडे डोळे लावून बसावं लागत नाही. पाच-सात वर्षं पैसे न काढणाऱ्याने हाच घ्यावा, तोही एकदम न घेता टप्प्याटप्प्याने.

व्होडाफोन आयडिया फक्त त्याच्यासाठी, जो सगळी रक्कम गेली तरी घरखर्चात फरक न पडणारा आहे आणि न्यायालयाच्या तारखा पाळत बसायला तयार आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सरकारला थकबाकीचा फेरविचार करायची मुभा दिली. त्याच न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीची याचिका फेटाळली होती.

राहिले ते व्होडाफोन आयडियाच्या २०२४ च्या एफपीओत, म्हणजे लोकांना नव्याने केलेल्या शेअरविक्रीत, ११ रुपयांनी अडकलेले. आणखी घेऊन सरासरी उतरवू का, असा त्यांचा प्रश्न असतो. सवलतीच्या बातमीवर तरी नको. आधी बँका मोठं कर्ज द्यायला तयार होतात का ते बघा, आणि ट्राय या दूरसंचार नियामकाच्या मासिक आकड्यांत ग्राहकांची गळती सलग काही महिने थांबलेली दिसते का तेही. हे आकडे फुकट बघायला मिळतात.