सौर ई-पेपर फोटो फ्रेम: लिथियम सेल की सुपरकपॅसिटर?

ई-पेपरची, म्हणजे किंडलसारख्या कागदी दिसणाऱ्या पडद्याची, सौर फोटो फ्रेम करायचं ठरलं की पडदा कोणता आणि सोलर पॅनेल केवढं, यावर भरपूर खल होतो. वीज साठवायची कशात हा प्रश्न मात्र शेवटी राहतो, आणि घरात पडलेला एखादा १८६५० सेल (जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा गोल लिथियम सेल) आत जाऊन बसतो. माझ्या मते फ्रेम किती वर्षं भिंतीवर नांदेल हे त्याच निवडीवर ठरतं, निदान आपल्या खानदेशात तरी. मी दोन्ही प्रकार केले आहेत, एक लिथियम-आयन सेलवर आणि एक सुपरकपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या कपॅसिटरवर. दोन्ही अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी लावले. आई आणि नाना तिथे असतात, मी पुण्यात.

कागदावर पाहिलं तर लिथियमपुढे कपॅसिटर उभाच राहत नाही. २००० एमएएचच्या सेलमध्ये साधारण २६ हजार ज्यूल ऊर्जा मावते. ५० फॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून ४.६ व्होल्टपर्यंत भरले आणि ३ व्होल्टपर्यंत वापरले, तर हाती येतात दीडशेच्या आसपास. इतका फरक दिसल्यावर बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं नाही.

पण फ्रेमला लागतं किती? ई-पेपरला चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, फक्त बदलायला लागते. खरा खर्च वायफायचा. ईएसपी३२, म्हणजे फ्रेम चालवणारी वायफायची चिप, राउटरला जोडून फोटो उतरवून घेते तेवढ्या वेळात पडद्याच्या कित्येक पट वीज खाते. रोज नवा फोटो इंटरनेटवरून यायला हवा असेल, तर लिथियमच घ्या. आमच्या घरी वायफाय नाही. ८०० बाय ४८० चा सहा रंगी फोटो पडद्याच्या भाषेत १ लाख ९२ हजार बाइटचा होतो, म्हणजे चिपच्या १६ एमबी फ्लॅश मेमरीमध्ये प्रोग्रामची जागा सोडून सत्तरेक फोटो आरामात बसतात. गावी गेलो की नवे भरतो. एसडी कार्डही चालेल, पण दोन फोटोंच्या मधे चिप झोपते तेव्हा त्याची वीज मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) पूर्ण तोडा. काही कार्डं नुसती बसून राहिली तरी खात राहतात. तीच गोष्ट तयार बोर्डांवरच्या रेग्युलेटरची आणि एलईडीची. सुटं मॉड्यूल वापरलं तर झोपेतला खर्च दहा-वीस मायक्रोअँपवर येतो. असं केलं की रोजचा हिशेब दहा ज्यूलच्या आत बसतो, आणि मग दीडशे ज्यूल तितके तुटपुंजे वाटत नाहीत.

आता ज्या त्रासाने माझा निर्णय झाला तो सांगतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. लिथियम-आयन सेल चार्ज करायची नेहमीची वरची मर्यादाही ४५ अंशच आहे. ओसरीवर पत्रा, भिंत पश्चिमेची, फ्रेमच्या वरच्या कडेला काळं पॅनेल आणि आत बंद हवा. दुपारी पाठीला हात लावला तर चटका बसावा अशी तापते. चार्जरला थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) लावला असेल तर तो त्याचं काम चोख करतो आणि चार्जिंग थांबवतो. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत दुपारभर सेल उपाशी. सकाळी थोडं मिळतं ते मिळतं. थर्मिस्टर नसेल तर आणखी वाईट. टीपी४०५६ या स्वस्त चार्जर चिपच्या नेहमीच्या निळ्या बोर्डावर तापमानाची पिन ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे तो सेल किती तापलाय हे पाहतच नाही. पूर्ण भरलेला लिथियम सेल अशा उष्णतेत ठेवला की त्याचं आयुष्य भराभर घटतं, पाउच सेल (मऊ पाकिटातला चपटा सेल) असेल तर फुगतो. पडद्याची काच त्याला टेकलेली असते हे लक्षात ठेवा.

एवढ्यावरही मी लिथियमला माफ केलं असतं. सेल ४.० व्होल्टपर्यंतच भरायचा, पॅनेल वायरने लांब न्यायचं आणि फ्रेम सावलीच्या बाजूला लावायची, उपाय आहेत. पण ई-पेपरची जी मोठी खुबी तीच इथे आड येते. वीज संपली तरी शेवटचा फोटो पडद्यावर तसाच राहतो. मी फोनवर विचारायचो, फ्रेम चालू आहे ना? नाना म्हणायचे, “फोटो त मस्त दिखी ऱ्हायना.” फोटो खरंच छान दिसत होता, फक्त तो कधीपासूनचा होता हे कोणालाच सांगता येत नव्हतं. बंद पडलेलं घड्याळ कळतं, बंद पडलेली ही फ्रेम कळत नाही. त्यात सेल एकदा खाली गेला की संरक्षणाची पट्टी त्याला तोडते, आणि तो परत जागा करायला बऱ्याचदा चार्जरचा ठोस करंट लागतो. पॅनेलच्या बारीक धारेने दर वेळी ते साधत नाही. मग कोणीतरी फ्रेम उतरवायची, मागचं झाकण उघडायचं, यूएसबी लावायची. नाना शेतात, आईच्या गुडघ्यांना स्टुलावर चढणं झेपत नाही. भेट म्हणून दिलेली वस्तू त्यांच्या डोक्याला काम होऊन बसते, हे मला नको होतं.

सुपरकपॅसिटर इथे मनापासून आवडला. तो पूर्ण रिकामा झाला तरी बिघडत नाही. ऊन आलं की पुन्हा भरतो आणि फ्रेम आपणहून कामाला लागते. चांगल्या घराण्याचे कपॅसिटर ६५ अंशांपर्यंत चार्ज होतात, त्यामुळे मे महिना त्याच्यासाठी सुगीचा. चार्जरसाठी मी बीक्यू२५५७० ही चिप वापरली. कपॅसिटर अगदी रिकामा असला तरी पॅनेलकडून ०.६ व्होल्टच्या आसपास मिळाले की ती सुरू होते. सुरुवातीचा टप्पा सावकाश चालतो, तेवढा धीर धरावा लागतो. एक गोष्ट मात्र नक्की करा. फ्रेमला वीज ३.८ व्होल्टच्या वर गेल्यावरच मिळावी आणि ३.१ ला तुटावी, एवढं अंतर ठेवा. नाहीतर उंबरठ्यावर येताच ईएसपी३२ उठतो, व्होल्टेज पाडतो, बंद होतो, पुन्हा उठतो, आणि हे चक्र संपत नाही.

त्याचे दोषही आहेत. गळती आहे, नवा असताना जास्त. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर ठेवला तर तो रिकामा झालेला सापडू शकतो. दोन कपॅसिटर सारखे भरावेत म्हणून बॅलन्सिंग लागतं आणि तेही मायक्रोअँपमधलं हवं. उष्णतेचा त्यालाही त्रास होतोच. दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, म्हणून २.७ व्होल्टचा प्रत्येक कपॅसिटर मी २.३ वरच थांबवतो. पावसाळ्यात ढग लागून राहिले की एखाद-दुसरा दिवस फोटो बदलत नाही. प्रोग्राम आधी व्होल्टेज पाहतो आणि कमी असेल तर गुपचूप पुन्हा झोपतो. त्याने कोणाचं काही अडत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल मधला मार्ग म्हणून वाईट नाही. तो जास्त सुरक्षित आहे आणि त्याचा ३.२ व्होल्ट ईएसपी३२ ला थेट मानवतो. काही सेलना चार्जिंगची मर्यादाही थोडी वर दिलेली असते, डेटाशीट पाहून घ्या. लिथियम-आयन कपॅसिटरची गळती फार कमी, पण तो २.२ व्होल्टच्या खाली गेला तर खराब होतो, म्हणजे पुन्हा राखण आली.

तुमची फ्रेम तुम्ही राहता त्याच घरात, पत्र्याखाली नसलेल्या खोलीत लागणार असेल आणि वायफाय हवं असेल, तर लिथियम सोयीचा पडेल, मी आग्रह करणार नाही. गावाकडच्या ओसरीसाठी विचाराल तर माझा हात कपॅसिटरकडे जातो.

काहीही निवडलंत तरी दोन कामं करा. फोटोच्या कोपऱ्यात बारीक तारीख छापा, म्हणजे फ्रेम थांबली तर घरातल्या कोणालाही कळेल. तारीख चुकू नये म्हणून आरव्ही-३०२८ सारखी घड्याळाची चिप आणि तिला वेगळा बटण सेल द्या. ती ४५ नॅनोअँपवर चालते, त्यामुळे वर्षानुवर्षं तिकडे पाहायला नको. आणि फोटो पहाटे पाचला बदला. स्पेक्ट्रा ६ च्या, म्हणजे नव्या सहा रंगी पडद्याला शून्य ते ५० अंश चालतं, पण जुन्या सात रंगी पडद्याला १५ ते ३५ एवढीच मुभा आहे. मे महिन्यात आपल्याकडे ती पहाटेच मिळते. डिसेंबरात धुळ्याचा पारा १० च्या खाली उतरतो तेव्हा मात्र त्या जुन्या पडद्यासाठी वेळ सकाळी अकराची करावी लागते.